चाकांना आवतन

आमची गाडी लांब आहे. कागदावर तिला स्टेशन वॅगन म्हणतात, घरात नुसतं 'लांबी'. बदली होऊन निघालेल्या एका साहेबांकडून नवऱ्यानं ती घेतली तेव्हा गल्लीतले सगळे हसले होते. पण तिच्या मागच्या भागात तुरीची पोती मावतात, झोपलेली पोरं मावतात आणि लग्नाला निघालं तर अर्धं रुखवत मावतं. चालवते मी. नवरा वणीकडच्या कोळसा खाणीत नोकरीला आहे. घरी आला की शेजारी बसून सल्ले देणं, एवढंच त्याचं ड्रायव्हिंग.

मे महिन्यात मागचा टायर फुटला. चारही टायर गोटा झालेत, म्हणजे नक्षी जाऊन गुळगुळीत पडलेत, हे घरात सगळ्यांना दिसत होतं. "अजून एक उन्हाळा काढतात," असं नवरा दर उन्हाळ्यात म्हणायचा. मी सासूबाईंना, म्हणजे आईंना, त्यांच्या मोठ्या बहिणीकडे घेऊन निघाले होते. कळंबहून निघून वणीच्या रस्त्याला लागलो, भर दुपार. आधी आवाज झाला, मग गाडीचा मागचा भाग स्वतःच्या मनानं एका बाजूला चालू लागला आणि आम्ही शेताच्या बांधाला टेकून थांबलो. कुणाला ओरखडाही आला नाही. आई खाली उतरल्या, पदर सारखा केला, रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि कळंबकडे जाणाऱ्या एसटीला हात दाखवून घरी निघून गेल्या. रागावल्या नाहीत. फक्त त्या दिवसानंतर लांबीत बसल्या नाहीत.

बहीण अंथरुणाला खिळलेली. तिच्या गावात एसटी जात नाही, फाट्यावर उतरून लांबवर चालावं लागतं आणि आईंचे गुडघे तेवढं चालू देत नाहीत. फोनवर बहीण विचारायची, "कधी येतं वं?" आई म्हणायच्या, "येतो न बाई, पोळ्याले येतो." मोठ्या बहिणीला त्या बाईच म्हणतात. पोळ्यापर्यंत बाई असतील की नाही हा प्रश्न त्या दोघींमध्ये फोनवर बसलेला असायचा आणि दोघीही त्याला उठवत नव्हत्या. मला ते ऐकवत नसे. मी भांडी आपटायला लागायचे.

पोळा जवळ आला तसं मी नवऱ्याला बजावलं, आता टायर घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. यवतमाळला बसस्टँडजवळच्या दुकानात जायचं ठरलं. आई म्हणाल्या, "मी बी येतो." मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण आम्ही स्टेपनी लावलेल्या गाडीनं निघालो आणि त्या एसटीनं. दुकानाशी पोचलो तर त्या आधीच येऊन स्टुलावर बसलेल्या, दुकानदाराचा चहा पीत.

नवऱ्याला हवे होते खोल नक्ष्यांचे जाडजूड टायर. खाणीतल्या डंपरचा टायर माणसापेक्षा उंच असतो. रोज तो बघून त्याला बाकीचे सगळे टायर खेळण्यातले वाटतात. दुकानदारानं मान हलवली. "भाऊ, हे चिखलाचे हायेत. डांबरी रस्त्यावर नुसते बोंबलतीन." मग त्यानं एक मऊ, आवाज न करणारा दाखवला. तो मला आवडला.

आईंनी कप खाली ठेवला. "मले फक्त एक सांगा. मे महिन्यात, गाडी भरलेली असतानी, टिकते कोणतं?"

दुकानदार बोलघेवडा होता, त्याला हेच हवं होतं. त्यानं आतून मधोमध कापलेला टायरचा एक तुकडा आणला आणि आईंच्या मांडीवर ठेवला. "काकू, रबर तुमी वरून पाहता. भार आतलं पेलते."

आई वाकल्या. कापलेल्या कडेला बारीक तारा दिसत होत्या आणि त्यांच्या खाली एकाला एक लागून ओळीनं बसवलेले धागे. आईंनी त्यातला एक धागा नखानं उकरून वर काढला, दोन बोटांत पीळ देऊन बघितला. जन्मभर कापूस वेचलेली बोटं ती.

"यात सूत हाये?"

"नायलॉन-पॉलिस्टर हाये काकू आता. पण पहिले कापसाचंच असे."

"कापसाचं!" आई म्हणाल्या आणि आमच्याकडे अशा बघायला लागल्या, जणू आम्ही दोघं ही गोष्ट इतकी वर्षं त्यांच्यापासून लपवून होतो. मला तरी कुठे माहीत होतं? मी गाडी चालवते, पण कापडावर बसून चालवते हे त्या दिवशी कळलं.

"आन् रस्त्याले टेकते किती, मालूम हाये?" दुकानदारानं आपला तळहात काउंटरवर टेकवला. "एका टायरचं एवढंच. बाकी सारं हवेत."

मी माझ्या हाताकडे बघत होते. चार तळहात. त्यावर ती लांबी गाडी, मागची पोती, पोरं, आम्ही, आणि खाली पळणारा रस्ता. मला वाटलं, संपलं, आता या जन्मात आई गाडीत बसत नाहीत. आई मात्र आपला तळहात उलटासुलटा करून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. देवळात दिवा लागताना माणूस बघतो तसं त्या बघत होत्या.

"एवढंसं," त्या म्हणाल्या. "आन् कधी बोललं नाही बिचारं."

मग जास्त ओझं पेलणारे, उन्हाला टिकणारे, मजबूत बाजूंचे टायर ठरले. ना नवऱ्याच्या पसंतीचे, ना माझ्या. निघताना दुकानदारानं बजावलं, "पुसाले नुसतं पाणी वापरा. तेल-तूप लागू देऊ नका, रबराचं वाटोळं होते." आई पुन्हा एसटीनं घरी आल्या.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. जुवानं घट्टे पडलेले त्यांचे खांदे लोणी-हळदीनं चोळायचे आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. आमची जोडी विकल्यापासून दर वर्षी त्या संध्याकाळी आईंना घरात करमत नसे. या वर्षी मी बाहेर आले तर त्या लांबीशेजारी पाटावर बसलेल्या, हातात लोणी-हळदीची वाटी. नव्याकोऱ्या टायरवर तळहात फिरवत हळू आवाजात म्हणत होत्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग पाट उचलून पुढच्या चाकापाशी.

नवरा ओरडतच धावला. "आई! काय करून राह्यली? लोणी नाही लावा लागत टायराले!"

"मंग धुऊन टाक," आई शांतपणे म्हणाल्या. "आवतन त दिलं न."

त्यानं साबणाच्या पाण्यानं चारही टायर धुतले, पुटपुटत. मी हसून हसून ओट्यावर बसले आणि मग हसता हसता माझं मलाच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी आईंनी चारही चाकांसमोर पुरणपोळीचा तुकडा ठेवला, हात जोडले, आणि गाडीचं पुढचं दार उघडून आत बसल्या. "चाल वं पोरी. बाईकडं."

वणीच्या रस्त्यावर तो बांध आला तेव्हा मी गाडी हळू केली. आईंनी खिडकीतून बांधाकडे पाहिलं, मग खाली, जिथून टायरचा बारीक आवाज येत होता तिकडे. आपला तळहात मांडीवर उघडा ठेवून बसल्या.

बाई खाटेवर होत्या, पार वाळलेल्या. डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. आईंनी हात हातात दिला तसा त्यांनी तो ओढून नाकाशी नेला, वास घेतला. रात्रीची हळद अजून गेली नव्हती.

"खांदशेकणी केली वं?" बाईंचा चेहरा उजळला. "बैल घेतले?"

"घेतले न बाई," आई म्हणाल्या. "चार."