अकरा अर्ज आणि द्वारकाआत्याची शर्यतीची गाडी

चहा आधी पिऊन टाका, मग सांगतो. मागे हाच किस्सा ऐकताना दोघांनी धोतरावर चहा सांडून घेतला होता. माणसाने मूर्खपणा करावा, पण तो स्वतःच्या हाताने, टाकाने, सुवाच्य अक्षरात अकरा वेळा लिहून करावा? मी केलाय.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मुरूडला आमची नारळ-सुपारीची वाडी. खाऊनपिऊन सुखी होतो, लग्नाचा होतो, आणि डोक्यात एकच खूळ होतं. गाडी. तीही साधीसुधी नव्हे, विलायती, उघडी, बुटकी, दोन सीटांची शर्यतीची गाडी. जिथे बैलगाडीचं चाक रुततं त्या रस्त्यावर मी शर्यत कोणाशी लावणार होतो, हे विचारू नका. मला अजून कळलेलं नाही.

या गाड्या मुळात बनायच्याच थोड्या. मुंबईच्या एजंटाला परवाना मिळाला होता जेमतेम सहा गाड्यांचा. मागणारे कोण, तर सिनेमावाले, संस्थानिक, गिरणीमालक. अर्ज मागवून, छाननी करून वाटप व्हायचं. वर अट अशी की ज्याच्या नावावर गाडी निघेल त्याने ती दोन वर्षं विकायची नाही, की दुसऱ्याच्या नावावर करायची नाही.

आणि मला तर गाडी मिळायलाच हवी होती. अलिबागला मी मुलगी बघून आलो होतो. कुसुम, तिथल्या वकिलांची मुलगी. ती मला इतकी आवडली की बोलण्याच्या भरात मी ठोकून दिलं, माझी शर्यतीची गाडी येतेय, होकार घ्यायला तिच्यातूनच येतो. वकील शांतपणे म्हणाले, "या. होकार तुम्हाला द्यायचा की गाडीला, ते तेव्हा बघू."

झालं. गाडीशिवाय अलिबागला तोंड दाखवायची सोय उरली नाही.

मग मी अक्कल चालवली. तुम्हाला ते कंट्रोलचे दिवस आठवतात ना? घरात कार्य निघालं की साखर पुरायची नाही. सगळी आळी आपापली रेशनकार्डं आणून द्यायची, दहा नावांवर साखर उचलायची आणि लाडू वळायचे. म्हटलं, साखरेला चालतं ते गाडीला का चालू नये? अकरा जणांच्या नावाने अर्ज टाकू, एक तरी लागेल. नाव कोणाचंही का असेना, चालवणार मीच.

आळीने पटापट सह्या-अंगठे दिले. आमच्या शेजारचा गणपत तेवढा म्हणाला, "कार्य हाय म्हनताय तर घ्या की. पन लाडू कवा?"

घरात द्वारकाआत्या होती. माझ्या वडिलांची सख्खी बहीण. आईवडील गेल्यावर तिनेच मला वाढवलं, म्हणजे रोज शिव्या देत पोटभर जेवू घातलं. तिचाही अंगठा घेतला.

आता मुख्य घोटाळा ऐका. अकराही अर्ज मी एकाच पाकिटात घातले. उत्तर माझ्याच हाती पडावं म्हणून सगळ्यांवर पत्ता माझ्याच वाडीचा लिहिला. आणि लग्नपत्रिकेत वडीलधाऱ्यांचं नाव वर असतं ना, तशी रचना केली. आत्याचा अर्ज सगळ्यांत वर, माझा नम्रपणे तळाशी. संस्कार हो, दुसरं काय!

महिन्याभराने पत्र आलं. मुंबईबाहेरच्यांसाठी एक गाडी राखून ठेवली होती आणि बाहेरून अर्ज आले होते फक्त आमचे. पण एका पत्त्यावर एकच अर्ज चालतो. सबब वरचा पहिला अर्ज ठेवून खालचे दहा रद्द. गाडी मंजूर श्रीमती द्वारकाबाईंना.

कळलं का? मी गपचूप एकट्याच्या नावाने अर्ज केला असता, तर गाडी माझीच होती. मी ओटीवर कपाळ धरून बसलो.

मी आत्याला समजावलं की नाव नुसतं कागदावरचं आहे. ती म्हणाली, "नाव माझं, तर बसणार पण मीच." आणि मुंबईच्या बोटीसाठी तिने दशम्या करायला घेतल्या.

मुंबईत तिने अंगठा उठवला, गाडीला हळदकुंकू लावलं, माझ्याकडून नारळ फोडवला आणि शेजारच्या सीटवर मांडी घालून बसली. पनवेल गेलं, पेण आलं. पेणला मी हात जोडले, आत्या, इथून पुढे सर्व्हिस मोटारीने ये, अलिबागला मला एकट्याला जाऊ दे, माझ्या लग्नाचा प्रश्न आहे. तिने नऊवारीचा पदर खोचला आणि म्हणाली, "दोन वर्षं मी उतरत नाही. सरकारची अट आहे."

अलिबागला वकील आणि कुसुम फाटकापर्यंत आले. वकिलांनी विचारलं, "गाडी कोणाची?" मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "माझी. हा चालवायला ठेवलाय."

मग ओसरीवर बसून तिने साखरेपासून अकराव्या अर्जापर्यंत सगळं रामायण सांगितलं. वकील डोळे पुसत हसत होते. मला वाटलं, जमिनीने आता पोटात घ्यावं. कुसुम हातची गेली म्हणून खरंच रडू येत होतं हो.

कुसुम मात्र गाडीपाशी. बॉनेट उघडून तिने मला दोन प्रश्न विचारले. मला एकही कळला नाही. मग समजलं की वकिलांना डोळ्यांनी कमी दिसतं आणि त्यांची जुनी मोटार चार वर्षं तीच चालवते. मुलगी बघायला गेलो तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा सगळा वेळ मीच बोलत होतो.

कुसुम हात पुसत आली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, माझा होकार आहे."

"कोणाला?"

"आत्यांना."

लग्न झालं. मुरूडात वरात निघाली तेव्हा शालू नेसलेली नवरी स्वतः गाडी चालवत होती. तिच्या शेजारी द्वारकाआत्या, मांडी घालून. तिसरी सीट त्या गाडीला नव्हतीच. सगळं गाव रस्त्यावर लोटलेलं. एका म्हातारीने गणपतला थांबवून विचारलं, नवरदेव कुठाय?

गणपत त्याची बैलगाडी हाकत मागून येत होता. त्याने मानेनेच पाठीमागे दाखवलं आणि म्हणाला, "हाय की, आंदनाच्या भांड्यांत बसलाय."