खिडकीपाशी टेबल असलेली खोली

"तिला कशाला वेगळी खोली? ती काय राहणार आहे का इथं," मम्मी पुढच्या सीटवरून पप्पांना म्हणाली.

माझ्या कानात इअरफोन होते, म्हणून ती मोकळेपणानं बोलली. गाणं मघाशीच संपलं होतं. पप्पा "हं" म्हणाले. पप्पांचं हं म्हणजे ठरलं.

धाराशिवच्या कडेला प्लॉट घेतल्यापासून रविवारी संध्याकाळी पप्पा आम्हा दोघींना गाडीत घालून नव्या वसाहतींतून हिंडवतात. गाडी हळू, काचा खाली. जिथं घर आवडेल तिथं ब्रेक. ते एलिव्हेशन बघ, तो जिना कसा बाहेरून काढलाय बघ. शेवटच्या घराला लागूनच ज्वारीचं रान सुरू होतं, त्यामुळं वळण घेताना घरांच्या पाठी दिसतात. पुढून सगळी रंगवलेली, मागून नुसतं प्लास्टर. मला मागूनच बघायला आवडतं. दोरीवरचे कपडे, उलटी वाळत ठेवलेली घागर, एखादा दिवा लागलेली खोली. तिथं कोण बसलं असेल, याचा मी पुढच्या वळणापर्यंत विचार करते.

एका निळ्या दाराच्या घरी माझ्याच वयाची मुलगी पायरीवर बसलेली असायची. आमची गाडी तिच्या ओळखीची झाली होती. एकदा तिनं हात केला. मी काच वर घेतली. का घेतली ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. नंतर ती दिसली नाही.

मी इंग्लिश मीडियमची. नातेवाइकांत तोंड उघडलं की पुस्तकातलं बोलते म्हणून हसतात. शाळेतल्या मैत्रिणी पुण्याला, हैदराबादला गेल्या. मी शिकून परत आले आणि भाड्याच्या घरात हॉलमधल्या दिवाणावर झोपते. टीव्ही बंद झाला की माझी खोली सुरू होते, सकाळी दूधवाला आला की संपते. नव्या घरात वरच्या मजल्यावर एक खोली माझी असेल असं मी धरून चालले होते. कुणी तसं म्हटलं नव्हतं. भावाची खोली मात्र पहिल्याच दिवशी ठरली, बाथरूमसकट, आणि भाऊ पुण्यात फ्लॅट बघतोय.

त्या संध्याकाळी पप्पांनी एका क्रीम रंगाच्या घरापुढं गाडी थांबवली. बाल्कनीला सोनेरी कठडा होता. आमच्याकडं घर बांधायचं असलं की आवडलेल्या घराची बेल खुशाल वाजवतात. कुणी नाही म्हणत नाही. मालक गच्चीपर्यंत नेऊन दाखवतात, फरशी कुठून आणली, मिस्त्री कोण होता, सगळं सांगतात, वर चहा पाजतात.

बेल वाजायच्या आत दार उघडलं. दारात गजरा माळलेल्या एक काकू उभ्या होत्या.

"या, या. मघापासून वाटच बघायलोत."

पप्पांना ते नुसतं अगत्य वाटलं. चपला काढून ते तळपायानं फरशीचा गुळगुळीतपणा अजमावत आत शिरले. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मुलीला पण आणलं, लई बरं केलं," त्या मम्मीला म्हणाल्या. "आता काय पहिल्यासारखं राहिलं न्हाय."

मला तिथंच कळलं. त्यांच्याकडं मुलासाठी स्थळ येणार होतं, मुलीकडचे लोक आधी घर बघून जाणार होते, आणि ते लोक आम्हीच आहोत असं त्यांना वाटत होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण अनोळखी घरात माझा आवाज दाराबाहेरच राहतो. मम्मी ओट्याचा ग्रॅनाइट बघत होती, पप्पा खिडक्या सरकवून. काकू सगळ्यांना जिन्यानं वर घेऊन गेल्या.

"ही आमच्या पोराची खोली. पुण्याला असतो कंपनीत. सणावाराला येतो, पण खोली त्याचीच ठेवलीय."

खिडकीपाशी टेबल होतं. टेबलावर एक दिवा, वर रिकामा फळ्यांचा रॅक. खिडकीतून ज्वारी दिसत होती आणि तिच्यापलीकडं डोंगर, वर दोन पवनचक्क्या. इतके रविवार मी बाहेरून ज्या खोल्यांकडं बघत होते, त्यातल्या एकीच्या आत उभी होते. दाराला आतून कडी होती. ती हळूच सरकवून बघावीशी वाटली.

काकूंची जाऊ पोह्यांचा ट्रे घेऊन वर आली. पोहे, शेव, पेढे. चहाच्या जागी एवढं सगळं बघून मम्मी थबकली. तिनं एकदा ट्रेकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि पदर सारखा केला. मी वाट बघितली की ती आता हसून सांगेल, अहो, आम्ही नुसती इमारत बघायला आलोय.

मम्मीनं विचारलं, "पुण्यात कुठल्या भागात असतो मुलगा?"

पप्पा खिडकीची पट्टी सोडून वळले. आत्ता कुठं त्यांच्या ध्यानात येत होतं. त्यांनी ट्रेमधला एक पेढा उचलला.

काकूंनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात उबदार होता, बांगड्या नव्या होत्या. त्यांचा राग येण्यासारखं काहीच नव्हतं. "पोरगी काहीच बोलंना," त्या मायेनं म्हणाल्या. "सांग की बाई, आवडली का खोली?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

"आवडली," मी म्हणाले. "मला अशीच एक हवी आहे. आमच्या घरात. आतून कडी असलेली."