दार ओढून घेताना

खिडकीतल्या काचेच्या वाटीत ह्यांचं घोरण्यावरचं यंत्र पाण्यात पडलेलं असतं. यंत्र कसलं, ह्यांच्याच दातांच्या मापाची दोन पारदर्शक कवचं. झोपताना घातली की ती खालचा जबडा जरासा पुढे धरून ठेवतात आणि श्वासाला वाट मिळते. सकाळचं ऊन त्यातून गेलं की ओट्यावर दातांची फिकट, थरथरती रांग उमटते. चहा उकळेपर्यंत मी ती बघत राहते आणि मन कुठल्या कुठे जातं.

माप घेताना दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "काकू, घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. ह्यांचा श्वास अडतो. झोपेतही झगडत असतात हो ते."

मला सासरे आठवले. दुपारी जेवून आडवे झाले की त्यांचं घोरणं फाटकापर्यंत ऐकू यायचं. "दमलेत, झोपू द्या," असं म्हणत आम्ही हलकेच दार ओढून घ्यायचो. अशाच एका दुपारी ते गेले. झोपेत गेले, भाग्यवान, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

परवा रविवारी जेवणानंतर हे ती कवचं घालून झोपले. घरात इतकं शांत झालं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं. मी खोलीच्या दाराशी गेले. काठाला बांधलेल्या होडीसारखी ह्यांची छाती संथ वरखाली होत होती. सवयीने माझा हात कडीकडे गेला.

मग मी दार सताड उघडलं आणि तिथेच उंबऱ्याशी मटार सोलत बसले.