माझ्या पदरची ओळ

"थांबा मास्तर, आधी प्वाट धरत्ये, मंग हसत्ये," असं ती म्हणायची आणि खरोखरच दोन्ही तळवे पोटावर दाबून मगच हसायची. आम्हाला त्या धरण्याचीच गंमत वाटे. तुमच्याही आळीत अशी एखादी बाई असेल, जिच्या दुखण्याला सगळे तिची लकब समजतात.

ती आमच्या रत्नागिरीच्या आळीत घरोघरी भात कांडायला येई. मी तेव्हा शाळेत नवा मास्तर होतो. मी ओटीवर वह्या तपासत बसलो की मागल्या पडवीतून तिचं मुसळ ऐकू येई. "तुमची पोरां पाढे चुकतील, माजां मुसळ चुकायचां न्हाय," ती आतूनच सुनवायची.

नवरा आगबोटीवर खलाशी. तो गेला तेव्हा तिची जुळी तीन महिन्यांची होती. जुळ्यांबद्दल कोणी विचारलं की म्हणायची, "येका तिकिटात दोन उतारू आले." बाळंतपणानंतर चाळीस दिवस पोट बांधून पडून राहावं, अशी आपल्याकडची रीत. ती पंधराव्या दिवशी कांडायला उभी राहिली होती. पुढे शिडाच्या कापडाची पट्टी लुगड्याखाली आवळून बांधू लागली. तरी पोट पुढेच येत गेलं.

नवऱ्याला जायची पत्रं मी लिहून देई. ती सांगायची, मी लिहायचो, मग एकदा वाचून दाखवायचो. तो जाऊन वर्ष झालं तेव्हा आळीत कुजबुज सुरू झाली. माझी आईसुद्धा म्हणाली, "नवरा बोटीवर, आणि हिचं पोट बघ." त्या आठवड्याच्या पत्रात, तिने सांगितलेलं सगळं लिहून झाल्यावर, मी माझ्या पदरची एक ओळ घातली. 'घरी लवकर यावे, लोकांत बोलवा आहे, आपण सुज्ञ आहात.' वाचून दाखवताना ती ओळ वाचली नाही. माझ्या मनात वाईट नव्हतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता त्यावर माझाच विश्वास राहिलेला नाही.

दोन महिन्यांनी मुसळ उचलताना ती वाकली ती सरळ होईना. गाडीत घालून मी तिला इस्पितळात नेलं. "गरोदर आहे," मीच डॉक्टरांना सांगितलं. तपासून ते बाहेर आले.

"मूल नाही, मास्तर. पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध फाकलेत. उताणी झोपून मान उचलली की मधे उपड्या होडीच्या कण्यासारखा उंचवटा येतो. आतडं तिथून पुढे येतंय. शिवावं लागेल."

मला पत्र आठवलं. ते तोवर पोचलेलं असणार.

क्लोरोफॉर्म देऊन डॉक्टरांनी दोन्ही बाजू ओढून एकमेकींना शिवल्या. तीन आठवडे तिला खाटेवरून उठू दिलं नाही. "गोणपाट शिवतात तशी शिवलानी मला," ती सांगायची. सपाट पोटाने घरी आली, तेव्हा आळीने त्याचाही अर्थ लावला. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

तिने लगेच पत्र लिहायला बसवलं. "लिवा, डाक्टरान कापून प्वाट बरां केलान. आता बघून वळखायचे न्हायत मला." मी लिहिलं. कागदाच्या तळाशी दोन बोटं जागा उरली होती. 'मागे मी लिहिले ते खोटे होते' एवढं तिथे सहज मावलं असतं.

उत्तर आलं ते घेऊन ती ओटीच्या पायरीवर बसली. मी आधी मनात वाचलं. 'मास्तर उगाच लिहिणार नाहीत. कापून काय काढले तेही मी समजलो. मी आता येणार नाही.'

"काय म्हणतायत पोरांचे बापूस?"

"खुशाल आहेत," मी म्हणालो. "आंब्याच्या दिवसांत येतो म्हणतात."

तिने पोट धरलं आणि हसली. शिवण केव्हाच भरली होती, पण हाताची सवय गेली नव्हती.

त्याच दिवशी मी नवऱ्याला खरं काय ते लिहिलं. पत्र परत आलं. तो बोट बदलून गेला होता. दुसरं पाठवलं, तेही परत आलं. आंब्याच्या दिवसांत प्रत्येक आगबोटीला ती बंदरावर जाई, लुगडं पोटावर घट्ट नेसून, उतारूंना आणणाऱ्या पडाव-होड्या काठाला लागेपर्यंत उभी. मी ते शाळेच्या वाटेवरून बघत असे.

आंबे संपले. भातं पोटरीला आली. ती तेच पत्र घेऊन आली. "पुन्यांदा वाचा."

मी कागद उलगडला. तिला धीर द्यावा म्हणून वाचलं, "दिवाळीला येतो. मुलांना जप."

तिने कागदावर बोट ठेवलं.

"मास्तर, कागद तोच हाय ना?"

तिने पत्र माझ्या हातातून काढून घेतलं, घडी केली. तिचा हात पोटावर गेला, हसायच्या आधी जायचा तसाच. ती हसली नाही.

पुढच्या आठवड्यात मुलं घेऊन ती जयगडला भावाकडे गेली. पत्रही बरोबर नेलं. तिथे वाचता येणारं कोणी आहे का, हे मी आजवर कोणाला विचारलेलं नाही.