पाच भांड्यांचं घर

शेवगावचं घर विकायचं ठरलं, तेव्हा आम्हा नवरा-बायकोत वाद एकाच गोष्टीचा होता: आधी दुरुस्त करायचं, की आहे तसं विकायचं.

मी श्रीरामपूरच्या शाळेत नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. हे शिंपीकाम करायचे. यांचं मशीन आणि आमची आठ वर्षांची मुलगी शेवगावात. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी एस.टी. धरायची आणि रविवारी संध्याकाळी परत निघायची. निघताना मुलगी नुसता पदर धरून ठेवायची. ते मला सहन होत नसे. श्रीरामपुरात एकत्र राहायचं तर हे घर विकायला हवं होतं, तेही जूनमध्ये शाळा उघडायच्या आत.

घर धाब्याचं. तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर वीतभर पांढरी माती. ही माती अधूनमधून बदलावी लागते, ओली करून बडवून बसवावी लागते. आम्ही सहा वर्षं तिला हात लावला नव्हता, त्यामुळे धाबं पाच ठिकाणी गळायचं. त्यात बहात्तरचा दुष्काळ सरला नव्हता. प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघायची, तिथे मातीवर पाणी कोण ओतणार? धाबं घालणारे गडीही दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले.

"तसंच विकू," मी म्हटलं. "आणि आपण होऊन काही सांगायचं नाही."

"उसवलेली शिवण दिसत असताना मी गिऱ्हाइकाच्या हातात कपडा देत नाही," हे म्हणाले. "पुढच्या वर्षी धाबं घालू, मग विकू."

"म्हणजे आणखी वर्षभर मी एस.टी.त बसू? तुमचं शिवणपुराण त्या मशीनला ऐकवा."

खरं बोलावं हे मी शाळेत पोरांना शिकवते, याची आठवण मला झाली नाही असं नाही. झाली, आणि मी ती बाजूला सारली. शेवटी माझं चाललं. आमच्यात बहुधा माझंच चालतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी गिऱ्हाईक आलं. मिरजगावचे एक म्हातारे ट्रक ड्रायव्हर. लेक शेवगावात दिलेली, तिच्याजवळ राहायचं म्हणून घर शोधत होते. टायर ठोकावा तशी त्यांनी एकेक तुळई काठीने ठोकून पाहिली आणि चहाला बसले.

"बाई, धाबं गळतंय का?"

"मागच्या पावसाळ्यात एक थेंब गळला नाही," मी म्हटलं. यात खोटं काहीच नव्हतं. मागच्या पावसाळ्यात पाऊसच पडला नव्हता! हे मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसले.

तेवढ्यात ढग गडगडला.

पुढचं कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. मी कपबशी खाली ठेवून उठले, घंगाळ आणून मधल्या तुळईखाली ठेवलं आणि पातेलं कोनाड्यापाशी. यांनी मशीन भिंतीकडे सरकवलं आणि त्या जागी बादली ठेवली. मुलगी अंगणातून दोन पातेल्या घेऊन धावत आली, एक उंबऱ्याजवळ ठेवली आणि दुसरी घेऊन ड्रायव्हरदादांसमोर उभी राहिली.

"आजोबा, पाय वर घ्या."

त्यांनी पाय वर घेतले.

बाहेर टिपूससुद्धा पडलं नाही. ढग आले तसे निघून गेले. पाच कोरडी भांडी, आणि त्यांच्या मधोमध पाय पोटाशी घेऊन बसलेले ड्रायव्हरदादा. माझे कान तापले. घर गेलं, श्रीरामपूर गेलं, आता आणखी वर्षभर ते रविवार, असं वाटून रडूच यायला लागलं. पण आता लपवायचं तरी काय राहिलं होतं?

"दादा, पाच ठिकाणी गळतं. लपवलं ते मी. यांच्या मनात नव्हतं."

त्यांनी घंगाळात डोकावून पाहिलं, वर धाब्याकडे पाहिलं आणि ठसका लागेपर्यंत हसले.

"बाई, जुनी गाडी घेताना आमी मालकाचं ऐकत न्हाई, क्लीनरकडं बघतो. चढ आला की त्यो दगड घिऊन आधीच खाली उतरला, तर समजायचं, ब्रेक धरत न्हाईत. तुमी तिघांनी आज दगडच लावला की!"

"मग घर नको?" मी विचारलं.

"का नगं? खोट कुठं हाय ते कळलं म्हंजी गाडी चालवता येती. भिंती लई चांगल्या हायेत. पानी आलं की माती मी घालीन. फकस्त भांडी उचलायच्या आधी जागा दावून ठेवा."

मी मास्तरीणच. पिशवीतून खडू काढला आणि फरशीवर प्रत्येक भांड्याभोवती गोल काढला. मुलीने त्यात एक ते पाच आकडे घातले. किंमत त्यांनी थोडी कमी केली, ती आम्ही मुकाट्याने मान्य केली. "दिली बाई शिवण दाखवून," हे माझ्याकडे न बघता म्हणाले.

जूनमध्ये आम्ही श्रीरामपुरात स्लॅबच्या दोन खोल्यांत राहायला आलो. एके दिवशी जोराचा गडगडाट झाला आणि तिघंही एकदम उठलो. माझ्या हातात घंगाळ, यांच्या हातात बादली.

"आई, ठेवू कुठं?" दोन पातेल्या घेऊन मुलगी विचारत होती.

मी वर बघितलं. छत कोरडं होतं. रविवारची संध्याकाळ होती, आणि मला कुठलीही गाडी धरायची नव्हती.