रिव्हर्स राहूनच गेला

मी चौतीस वर्षं गिअर तपासण्याची नोकरी केली आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत एकदाही गिअर बदलला नाही.

यात हसण्यासारखं काही नाही. देवासच्या कारखान्यात माझ्या टेबलावरून लाखो दातेरी चाकं गेली. केसाएवढा फरक दिसला तरी मी चाक बाजूला काढायचो. पण कारखान्याची बस दारातून न्यायची आणि दारात आणून सोडायची. बाजारहाटाला स्कूटर होती, तिलाही गिअर नव्हते.

मग मुलाची सिंगापूरला बदली झाली आणि त्याची गाडी माझ्या दारात येऊन उभी राहिली. दीडशे हॉर्सपॉवर, टर्बो, सहा गिअर, आणि रंग लालभडक! पाठोपाठ त्याला जुळं झालं आणि माझी बायको सुलभा तिकडे निघाली. "अहो, तुम्हीही चला ना," ती म्हणाली. "मला काय धाड भरली आहे?" मी म्हणालो. "एकटा मजेत राहीन!" हे मी चार माणसांसमोर, चांगल्या खड्या आवाजात म्हटलं होतं. त्यामुळे परत घेता येईना.

मजेत म्हणजे कसा, ते सांगतो. दूधवाला पिशवी कडीला अडकवून निघून जायचा. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला मी "हो का?" म्हणायला लागलो होतो. (ती थांबत नसे.) दुपारी चारच्या सुमारास घसा खाकरून पाहायचो, आवाज शिल्लक आहे की गेला. सिंगापूरहून रोज आठ मिनिटांचा व्हिडिओ कॉल यायचा, त्यातली सहा मिनिटं जुळी रडायची. मला फार, फार एकटं वाटत होतं. पण मुलाने विचारलं की मी म्हणायचो, "मजेत!"

"बाबा, गाडी नुसती उभी ठेवू नका, बॅटरी उतरेल," मुलगा एकदा म्हणाला. आणि समोरच्या घरातले रामेश्वरजी शिकवायला तयार झाले. मूळचे पीपलरावां गावचे, चाळीस वर्षं धार-गंधवानी रस्त्यावर बस चालवून आता घरी बसलेले.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला ते शेजारी बसले. "साब, क्लच धीरे छोड़ना."

मी सोडला. गाडीने एक उडी मारली, गल्ली ओलांडली आणि रामेश्वरजींच्याच फाटकावर वाळत घातलेल्या चादरीत तोंड खुपसून बंद पडली. समोर काही दिसेना. चादरीवरची गुलाबाची फुलं तेवढी दिसत होती.

"भिया, ये गाड़ी नी, घोड़ी है घोड़ी!" रामेश्वरजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गिअर टाकताना कर्रर्र असा आवाज आला. मी लगेच निदान केलं, "ये दूसरे गिअर की सिंक्रो रिंग की आवाज है. अंदर क्या होता है, कि..."

"साब, अंदर क्या हो रिया है वो मत बताओ. बाहर भैंस आ री है, वो देखो!"

म्हैस वाचली. मी रोज शिकत गेलो. पण खरी मजा गाडीत नव्हती, ती रामेश्वरजींच्या बोलण्यात होती. गंधवानीच्या बाजाराच्या दिवशी बसच्या टपावर बकऱ्या कशा चढवायचे, एकदा नवरदेव बसमध्ये आणि वरात खाली कशी राहिली, असं तासभर चालायचं. परत आल्यावर मी चहा करायचो. दोन कप! सुलभा गेल्यापासून दुसरा कप प्रथमच फडताळाबाहेर आला होता.

विसाव्या दिवशी गाडी लोण्यासारखी चालली. रामेश्वरजी खूश झाले. "बस साब, दो दिन और. फिर अपनी छुट्टी."

हे ऐकून माझा पाय क्लचवरून असा काही सुटला, की गाडी गचका खाऊन भर चौकात बंद पडली.

"अरे! अभी कच्चा है," ते म्हणाले. "दस दिन और लगेंगे."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

वाचकहो, गाडी शिकणं सोपं आहे. येत असलेली गाडी येत नाही असं दाखवणं, त्याला अक्कल लागते! चूक नैसर्गिक दिसली पाहिजे. सोमवारी डेअरीपाशी बंद पाडायची. मंगळवारी गतिरोधकावर पहिल्याच्या जागी तिसरा टाकायचा. एका रविवारी तर रामेश्वरजींची गोष्ट इतकी रंगली, की मी चूक करायचीच विसरलो. शेवटी दारात पोचताना घाईघाईने एक गचका देऊन घेतला.

पण याचा त्रास भलत्यालाच झाला. चहाच्या टपरीवर लोक रामेश्वरजींना विचारू लागले, "उस्ताद, चालीस साल बस चलाई थी कि पीछे से धक्का दिया था?" त्यांचं बोलणं कमी झालं. एका मंगळवारी ते लंगडत आले.

"क्या हुआ?"

"टेकरी चढ़ा था. माता से बोल के आया, साब को गाड़ी आ जाए."

गुडघे दुखत असताना माझ्यासाठी देवीची टेकडी चढले! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी तोंड उघडलं नाही.

मग त्यांनी शेवटचं सांगितलं, "भाईदूज को आपको धार जाना है ना, आक्का के यहाँ? मैं साथ चलूँगा. उस दिन भी नी आई, तो हाथ जोड़े साब. आप किसी ड्राइविंग स्कूल में चले जाना."

आता आली का पंचाईत! गाडी आली तर रामेश्वरजी यायचे थांबणार, आणि नाही आली तरी थांबणार. भाऊबिजेच्या आदल्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

इंदूरपर्यंत मी बेताने दोन गचके दिले. तिथल्या सिग्नलला शेजारी एक पांढरी गाडी थांबली. काळा चष्मा लावलेला, साधारण माझ्याच वयाचा गृहस्थ काच खाली करून म्हणाला, "भिया, इस उमर में ये गाड़ी? अपने जैसी ऑटोमॅटिक ले लो. गिअर का टंटाइच नी!"

गिअरचा टंटा? चौतीस वर्षं ज्यांच्यावर पोट भरलं, त्या गिअरचा टंटा? माझं डोकंच फिरलं. दिवा हिरवा झाला. मी इंजिन नेमकं हवं तेवढं घुमवलं, क्लच नेमका जिथे पकडतो तिथे क्षणभर थांबवला आणि सोडला. गाडी बाणासारखी सुटली. पहिला, दुसरा, तिसरा! ना कर्रर्र, ना गचका. पांढरी गाडी आरशात एवढीशी झाली. चौथा टाकल्यावर मी "हा!" असं मोठ्याने ओरडलोसुद्धा.

मग शेजारी पाहिलं. रामेश्वरजी माझ्याकडे बघत होते.

"कब से आती है?"

"महीना हो गया."

"तो मेरे को टेकरी क्यूँ चढ़ाया?"

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "आती है बोलता, तो आप आना बंद कर देते. घर में बोलने को कोई नहीं है, रामेश्वरजी."

ते खिडकीबाहेर बघत राहिले.

आक्काची गल्ली अरुंद, आणि पुढे बंद. मी गाडी थेट तिच्या ओट्यापर्यंत नेली. आक्का, माझी थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर, निरांजन लावलेलं ताट घेऊन दारातच उभी. "आलास बाबा! पण सदू, गाडी आधी मागे घे. पाण्याचा टँकर यायचाय!"

मागे?

रामेश्वरजी उतरले आणि हाताची घडी घालून आक्काच्या ओट्यावर बसले.

"रामेश्वरजी, रिव्हर्स मुझे नहीं आता."

"हाँ, हाँ."

"माँ कसम! आपने सिखाया ही नहीं. हम वहाँ तक पहुँचे ही नहीं!" खरंच होतं. मी पहिल्या गिअरवरच इतका अडकून राहिलो होतो, की रिव्हर्सची पाळीच आली नव्हती; गाडी मागे घ्यायची असली, की रामेश्वरजीच घ्यायचे.

"नाटक बंद करो साब."

तेवढ्यात टँकर आला आणि भोंगा वाजवू लागला. गल्ली गोळा झाली. "उलटा काटो भिया!" "नी नी, सीधा काटो!" आक्का ओरडली, "अरे, निरांजन विझतंय रे!" मी रिव्हर्स टाकला. गाडी सुसाट मागे गेली, वळली आणि शेजारच्या पायरीला भिडली. खळ्ळ! मागचा दिवा गेला. घाबरून पहिला टाकला, तर गाडीने पुढे उडी घेऊन आक्काच्या दाराचा खांब हलवला, आणि वरचा आकाशकंदील तुटून बॉनेटवर आला.

रामेश्वरजी उठले, गाडीपाशी आले आणि वाकून माझा घामेजला चेहरा नीट बघू लागले.

"साब," ते हळूच म्हणाले, "ये तो सच्ची में नी आता!"

"नहीं आता," मी म्हणालो. आवाज रडवेला आला.

त्यांच्या मिशा हलल्या. मग त्यांनी मला बाजूला सरकवलं आणि एका हाताने गाडी गल्लीबाहेर काढली. "कल सुबह, साढ़े छह बजे," ते म्हणाले.

आक्काने आम्हा दोघांना ओवाळलं. "एवढं नुकसान करून हसतोयस काय मेल्या?" तिने मला विचारलं.

त्याला आता तीन महिने झाले. रामेश्वरजी रोज साडेसहाला येतात, रिव्हर्स शिकवतात आणि मध्येच डोळे बारीक करून विचारतात, "सच बोलो साब, आ गया ना?" मी शपथेवर सांगतो, अजून खरंच येत नाही. पण माझ्या शपथेवर विश्वास कोण ठेवणार? म्हणून अधूनमधून एखादा दिवा फोडावा लागतो!