ओगुचीच्या निवडक पाच पिना

किकुनो मियासाकानं जपानातल्या ओकायाच्या रेशीम गिरणीत सोळा वर्षं धागा ओढला. गिरणी बसली तशी ती हायाशीशेठच्या लेथखान्यात तपासनीस म्हणून चिकटली. काम सरळ होतं. दर तासाला कॅमेऱ्याच्या पाच पिना घ्यायच्या, मोजायच्या, सरासरीचा ठिपका भिंतीवरच्या तक्त्यावर मारायचा. तक्त्यावर वर एक रेघ, खाली एक रेघ. ठिपका रेघांच्या आत असला तर लेथ चालू, बाहेर गेला तर बंद.

तीन महिने ठिपके मधोमध बसले, शाळेतल्या पोरांसारखे. शेठ येईल त्याला तक्ता दाखवायचा.

मग कॅमेरावाल्यांनी खराब पिनांची पेटी दुसऱ्यांदा परत धाडली. तिसरी पेटी खराब निघाली की काम बंद, असं वर लिहून.

"तक्ता चांगला, माल वाईट," शेठ म्हणाला. "म्हंजे मोजणारीच वाईट. पंधरा दिस देतो, बाई. न्हाई जमलं तर दुसरीकडं बघा."

किकुनो तक्त्यापुढं उभी राहिली. सोळा वर्षांत इतका एकसारखा धागा तिनं पाहिला नव्हता. यंत्र म्हटलं की थोडं इकडं तिकडं व्हायचंच. हे ठिपके हलतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती आधीच जाऊन खांबाआड बसली. दहाला पाच कमी असताना म्हातारा ओगुची लेथवरून उठला, हात पुसले, पेटीतल्या पिना उजेडाला धरून बघू लागला. पाच निवडल्या, पांढऱ्या फडक्यावर मांडल्या. शेजारी चहा ठेवला.

"ओगुचीदादा, निवडून देता व्हय?" किकुनो खांबाआडून पुढं आली.

"मग? दारात आलेल्याला नासकं लोणचं वाढू?"

"मी पाहुणी न्हाई. मोजायला येते."

"म्हंजे माझी घाण बघायला."

"तुमची न्हाई, लेथची."

"अकरा वर्षं लेथ मीच चालवतोय," ओगुची म्हणाला. "त्याची घाण ती माझीच की."

किकुनोनं मान वळवून पेटीत हात घातला, हाताला आल्या त्या पाच उचलल्या, मोजल्या, ठिपका मारला. ठिपका वरच्या रेघेच्या पार बाहेर पडला.

ओगुचीनं ठिपका पाहिला. मग जाऊन त्यानंच लेथ बंद केला.

आवाज थांबला तसा शेठ धावत आला. "तीन महिन्यांत एकदाबी बंद पडला न्हाई, आज काय झालं?"

"तीन महिनं मी हिला फसवत हुतो," ओगुची म्हणाला. "चांगल्या मनानं."

लेथ उघडला. आतलं बेअरिंग झिजून सैल झालं होतं. नवं बसवलं. तयार पेटी रिकामी करून दोघांनी एकेक पीन मोजली, खराब त्या काढून टाकल्या आणि पेटी कॅमेरावाल्यांकडं धाडली. मोजताना दोघं एकमेकांना फक्त आकडे सांगत होते.

ती पेटी परत आली नाही.

सोळाव्या दिवशी किकुनो वेळेवर कामावर आली. शेठनं तिच्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, आणि आत निघून गेला. शेठच्या मानानं हे पुष्कळच झालं.